पॅकेज मॅनेजरच्या कॉन्फिगरेशनचा सिंटॅक्स मॅन पानांत कसा शोधायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोर्सेस.लिस्टमध्ये, म्हणजे एपीटी या पॅकेज मॅनेजरने (सॉफ्टवेअर बसवणाऱ्या प्रोग्रामने) पॅकेजं कुठून आणायची हे सांगणाऱ्या फाईलमध्ये, एक ओळ घालायची असते. कंस कुठे द्यायचा, अर्धविराम लागतो की नाही, टिप्पणी कुठल्या चिन्हाने सुरू होते, यातलं काही आठवत नाही. मग आपण सर्च करतो आणि सात-आठ वर्षांपूर्वी कुणीतरी कुणालातरी दिलेलं उत्तर चिकटवतो. बसलं तर बसलं. खरं तर ते उत्तर आपल्याच मशीनवर, मॅन पानांत (सिस्टिमसोबत येणाऱ्या मॅन्युअलच्या पानांत) असतं, तेही आपण बसवलेल्या आवृत्तीचं, फक्त ते कुठल्या पानात आहे हे ठाऊक नसतं. लॅबमधली मुलं आणि नवे सहकारी मला वर्षानुवर्षं जे प्रश्न विचारत आले, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं मुख्यतः डेबियन-उबुंटू या लिनक्स वितरणांची आहेत, कारण प्रश्न तिथलेच जास्त येतात. फेडोरा आणि आर्चही आहेत.

आज्ञा आणि फाईलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर अर्थातच ती रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप करायची.

'मॅन एपीटी' पूर्ण वाचलं. सोर्सेस.लिस्टमध्ये काय लिहायचं ते त्यात नाहीच!

नसणारच. ते प्रोग्रामचं पान आहे, फाईलचं नाही. एपीटी ही आज्ञा कशी चालवायची एवढंच ते सांगतं. फाईल कशी लिहायची याचं पान वेगळं आहे, ते 'मॅन ५ सोर्सेस.लिस्ट' म्हटलं की उघडतं. हा घोटाळा इतका सार्वत्रिक आहे की "मॅन पानात काही नसतं" अशी तक्रार आली की मी आधी कुठलं पान उघडलं होतं ते विचारतो.

तुम्ही उघडलेलं पान मात्र अगदीच वाया गेलं नाही. त्याच्या तळाशी 'सी ऑल्सो' नावाचा भाग असतो. तिथे संबंधित पानांची नावं असतात आणि प्रत्येक नावापुढे गोल कंसात अंक असतो. ज्यांच्यापुढे ५ आहे ती फाईलींची पानं. 'एपीटी-गेट'च्या पानात 'फाइल्स' असाही एक भाग आहे, त्यात कुठली फाईल कुठल्या डिरेक्टरीत असते ते दिलेलं आहे. माझा सल्ला असा की मॅन पान शेवटाकडून वाचायला घ्या.

हे ५ म्हणजे काय?

मॅन्युअलचा विभाग. १ मध्ये रोजच्या आज्ञा, ५ मध्ये फाईलींचे फॉरमॅट, ७ मध्ये संकीर्ण, ८ मध्ये सिस्टिम सांभाळणाऱ्याच्या आज्ञा. २ आणि ३ प्रोग्रामरांसाठी, ४ मध्ये डिव्हाइस फाईली, ६ मध्ये खेळ. ही रचना फार जुनी आहे. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या युनिक्स मॅन्युअलच्या पहिल्या आवृत्तीवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे आणि तिच्यातही पाचवा विभाग फाईलींच्या फॉरमॅटचाच होता.

एपीटी (डेबियन-उबुंटू), डीएनएफ (फेडोरा), पॅकमॅन (आर्च), झिपर (ओपनसूझे) हे सगळे पॅकेज मॅनेजर ८ मध्ये आहेत आणि त्यांच्या फाईलींची वर्णनं बहुतेक करून ५ मध्ये.

अंक दरवेळी द्यावाच लागतो का?

एकाच नावाची दोन पानं असतील तरच. 'मॅन क्रॉनटॅब' म्हटलं की विभाग १ मधलं आज्ञेचं पान उघडतं, फाईलच्या सिंटॅक्ससाठी ५ लिहावाच लागतो. 'एपीटी.कॉन्फ' नावाचं पान एकच आहे, तिथे अंक नाही दिला तरी चालतं. मी तरी देतो, हाताला सवय राहते.

फाईलच्या पानाचं नाव कसं ओळखायचं?

बहुतेक वेळा फाईलचंच नाव पानाला असतं. सोर्सेस.लिस्ट, एपीटी.कॉन्फ, डीएनएफ.कॉन्फ, पॅकमॅन.कॉन्फ, मेकपीकेजी.कॉन्फ, डीपीकेजी.सीएफजी ही सगळी नावं सरळ आहेत. फसवतात ती थोडी. एपीटीच्या 'प्रेफरन्सेस' फाईलचं पान 'एपीटी_प्रेफरन्सेस' या नावाने आहे आणि 'ऑथ.कॉन्फ'चं 'एपीटी_ऑथ.कॉन्फ' या नावाने. दोन्हींत अंडरस्कोर आहे, हायफन नाही. अल्पाइनमध्ये 'रिपॉझिटरीज' या फाईलचं पान 'एपीके-रिपॉझिटरीज' आहे, तिथे हायफन. नियम शोधू नका, नाही.

नाव सुचलंच नाही तर तीन वाटा आहेत. पहिली, 'मॅन -एस ५ -के एपीटी'. पाचव्या विभागातल्या ज्या पानांच्या नावात किंवा एका ओळीच्या वर्णनात 'एपीटी' आहे, ती सगळी समोर येतात. दुसरी वाट मला जास्त भरवशाची वाटते, ती म्हणजे पॅकेजलाच विचारणं. डेबियनवर 'डीपीकेजी -एल एपीटी' (एल कॅपिटल) त्या पॅकेजने बसवलेल्या सगळ्या फाईली दाखवतं, त्यातल्या 'मॅन५' असलेल्या ओळी ग्रेपने गाळून घ्या. फेडोरावर 'आरपीएम -क्यूडी' आणि पुढे पॅकेजचं नाव, यात फक्त दस्तऐवज येतात. आर्चवर 'पॅकमॅन -क्यूएल' (क्यू कॅपिटल, एल लहान). या यादीत पान नसेल तर त्या पॅकेजने ते दिलेलंच नाही, शोध थांबवायला हरकत नाही.

तिसरी वाट 'मॅन -के' मधला के कॅपिटल करण्याची. मग पानांची नावं नव्हे तर सगळा मजकूर धुंडाळला जातो. 'साइन्ड-बाय' (स्रोताची सही कुठल्या चावीने तपासायची हे सांगणारी सेटिंग) हा शब्द कुठल्या पानात आहे हे शोधायला उत्तम, पण वेळ लागतो. सोबत '-एस ५' द्या, नाहीतर चहा करून या.

'मॅन -के' काहीच दाखवत नाही. पान तर आहे.

सूची तयार झालेली नाही. 'सुडो मॅनडीबी' चालवा.

पान उघडलं, पण ते हजार ओळींचं आहे. हवी ती ओळ कशी गाठायची?

मॅन पान 'लेस' या प्रोग्राममध्ये उघडतं, म्हणजे लेसच्या कळा चालतात. तिरकी रेघ (/) देऊन शब्द लिहा, एंटर मारा. पुढचा सापडायला लहान एन, मागचा सापडायला कॅपिटल एन. बाहेर पडायला क्यू.

पण डीएनएफ.कॉन्फच्या पानात 'एक्सक्लूड' शोधलंत तर तो शब्द दहा ठिकाणी भेटेल आणि त्यातली नऊ ठिकाणं नुसते उल्लेख असतील. आपल्याला ती सेटिंग जिथे समजावून सांगितली आहे ती जागा हवी असते. तिथे तिचं नाव ओळीच्या सुरुवातीला, फक्त डावीकडे थोडी जागा सोडून, येतं. म्हणून तिरक्या रेघेनंतर आधी टोपीचं चिन्ह (^), मग एक स्पेस, मग तारा (*) आणि मग शब्द असं लिहा. 'ओळीची सुरुवात, कितीही मोकळी जागा, मग हा शब्द' असा त्याचा अर्थ. एवढी एक युक्ती लक्षात राहिली तरी निम्मा वेळ वाचतो.

आणखी एक कळ कमी लोकांना माहीत असते. '&' दाबून शब्द दिला तर तो शब्द असलेल्या ओळीच तेवढ्या दिसतात. पुन्हा '&' आणि नुसतं एंटर दिलं की पूर्ण पान परत. लहान-मोठी अक्षरं सारखी मानायची की नाहीत हे '-आय'ने बदलता येतं.

सोर्सेस.लिस्टच्या पानात चौकटी कंस दाखवले आहेत. ते टाइप करायचे की नाहीत?

सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि प्रश्न विचारणाऱ्याची यात काही चूक नाही.

मॅन पानांचा संकेत असा की चौकटी कंसातला भाग ऐच्छिक असतो आणि कंस स्वतः टाइप करायचे नसतात. उभी रेघ म्हणजे 'हे किंवा ते'. तीन टिंबं म्हणजे 'असंच पुढे कितीही'. ठळक अक्षरं जशीच्या तशी टाइप करायची, तिरप्या किंवा अधोरेखित शब्दाच्या जागी आपली किंमत घालायची. हा संकेत 'मॅन मॅन' या पानाच्या सुरुवातीलाच दिला आहे, तो एकदा वाचून ठेवा.

आता सोर्सेस.लिस्टच्या पानातली ओळ बघा. ती साधारण अशी आहे: 'डेब', मग चौकटी कंसात पर्याय, मग पत्ता, मग सूट (वितरणाच्या आवृत्तीचं नाव), मग पुन्हा चौकटी कंसात 'कंपोनंट१', 'कंपोनंट२' (त्या आवृत्तीतले पॅकेजांचे गट, जसं 'मेन') आणि तीन टिंबं. पर्यायांभोवतीचे पहिले कंस खरोखर टाइप करायचे असतात, तो फाईलच्या सिंटॅक्सचाच भाग आहे. कंपोनंटभोवतीचे नंतरचे कंस संकेताचे आहेत, ते टाइप करायचे नाहीत. एकाच ओळीत एकच चिन्ह दोन अर्थांनी आलं आहे. मला विचाराल तर हा लिहिणाऱ्यांचा दोष आहे.

सुटका कशी? पान खाली सरकवून 'एक्झाम्पल्स' हा भाग गाठा. तिथल्या नमुना ओळीत आर्किटेक्चरचा पर्याय चौकटी कंसात खराखुरा लिहिलेला आहे आणि शेवटचा 'मेन' उघडा आहे. वर्णन आणि उदाहरण यांत शंका आली की मी उदाहरणावर विश्वास ठेवतो.

याच पानात एक बारीक नियम आहे, तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. सूटच्या जागी लिहिलेल्या शब्दाच्या शेवटी तिरकी रेघ असेल तर एपीटी त्याला नेमका मार्ग समजतो आणि मग पुढे कंपोनंट लिहायचेच नसतात. काही कंपन्यांच्या रिपॉझिटरीच्या (पॅकेजांच्या साठ्याच्या) ओळी नुसत्या रेघेवर संपतात त्या याच कारणाने. "मेन लिहायचं राहिलं" म्हणून पुष्कळ जण ती ओळ दुरुस्त करतात, आणि बिघडवतात.

नव्या उबुंटूत सोर्सेस.लिस्ट जवळजवळ रिकामी आहे. ओळी गेल्या कुठे?

उबुंटू २४.०४ पासून त्या 'सोर्सेस.लिस्ट.डी' डिरेक्टरीतल्या 'उबुंटू.सोर्सेस' या फाईलमध्ये असतात आणि त्यांचा फॉरमॅट वेगळा आहे. त्याचं नाव डेब८२२. ईमेलच्या शीर्षकांचा १९८२ चा जो मानक-दस्तऐवज आरएफसी ८२२, त्यावरून हे नाव आलं. ईमेलमध्ये जसं 'फ्रॉम', मग अपूर्णविराम, मग पत्ता असतो, तसंच इथेही आहे: टाइप्स, यूआरआयज, सूट्स, कंपोनंट्स, साइन्ड-बाय. एका स्रोताचा एक परिच्छेद, दोन परिच्छेदांत एक रिकामी ओळ.

पान तेच, 'मॅन ५ सोर्सेस.लिस्ट'. दोन्ही फॉरमॅट त्याच पानात आहेत आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. 'ऑप्शन्स' या भागात प्रत्येक पर्यायाची दोन नावं दिली आहेत. आधी नव्या फॉरमॅटमधलं, मग गोल कंसात जुन्या एकोळी फॉरमॅटमधलं. 'आर्किटेक्चर्स' आणि कंसात 'आर्च' दिसलं तर .सोर्सेस फाईलमध्ये पहिलं लिहायचं आणि .लिस्ट फाईलमध्ये दुसरं. किमती एकाहून जास्त असतील तर जुन्या फॉरमॅटमध्ये त्यांच्यामध्ये स्वल्पविराम येतो, नव्यात नुसती मोकळी जागा.

कुठला फॉरमॅट वाचायचा हे एपीटी फाईलच्या शेपटावरून ठरवतं. .सोर्सेस फाईलमध्ये 'डेब'ने सुरू होणारी जुनी ओळ चिकटवली तर ती चालणार नाही. स्रोत तात्पुरता बंद करायला टिप्पणीची चिन्हं मारत बसू नका, परिच्छेदात 'एनेबल्ड: नो' लिहा. साइन्ड-बायमध्ये चावीचा मार्ग देण्याऐवजी अख्खी चावीही भरता येते. तसं केलंत तर प्रत्येक ओळ एका स्पेसने सुरू करा आणि रिकाम्या ओळीच्या जागी स्पेस देऊन एक टिंब ठेवा.

डेबियन १३ मध्ये 'एपीटी मॉडर्नाइझ-सोर्सेस' ही आज्ञा जुन्या फाईलींचं रूपांतर करून देते.

एपीटी.कॉन्फमध्ये ओळ लिहिली. त्रुटी आली नाही, पण परिणामही शून्य.

तीन कारणं मला नेहमी सापडतात.

पहिलं कारण फाईलचं नाव. 'एपीटी.कॉन्फ.डी'मधल्या फाईलला एकतर शेपूटच नको किंवा ते '.कॉन्फ' हवं. आमच्या लॅबमध्ये प्रॉक्सीची सेटिंग एकाने '९९प्रॉक्सी.टीएक्सटी' अशा फाईलमध्ये ठेवली होती. एपीटी दरवेळी "ही फाईल मी वाचली नाही" असं सांगत होतं, आणि आम्ही ती सूचना दरवेळी वर सरकू देत होतो. अर्धा दिवस गेला. नियम एपीटी.कॉन्फच्या पानात पहिल्याच पडद्यावर आहे.

दुसरं कारण सिंटॅक्स. पान म्हणतं की ही रचना बाइंड आणि डीएचसीपीच्या आयएससी साधनांसारखी आहे. ज्यांनी ती कधी पाहिली नाहीत त्यांना यातून काय कळणार? थोडक्यात असं आहे: नावाचे टप्पे दुहेरी अपूर्णविरामाने जोडायचे, किंमत दुहेरी अवतरणात, शेवटी अर्धविराम. अवतरण आणि अर्धविराम दोन्ही सक्तीचे. टप्पे महिरपी कंसात एकात एक बसवूनही लिहिता येतात. टिप्पणी दोन तिरक्या रेघांनी. '#'ने सुरू होणारी ओळही टिप्पणीच मानली जाते, पण '#क्लिअर' आणि '#इन्क्लूड' या दोन ओळी टिप्पण्या नाहीत, त्या आज्ञा आहेत. यादीत भर घालायची असेल तर नावाच्या शेवटी आणखी एकदा दुहेरी अपूर्णविराम द्यायचा.

तिसरं कारण सर्वात त्रासदायक. नावात स्पेलिंगची चूक असेल तर एपीटी ओरडत नाही. वाटेल ते नाव ते मुकाट्याने साठवून ठेवतं, फक्त ते कुणी वापरत नाही. लहान-मोठ्या अक्षरांचा फरक चालतो, स्पेलिंगचा नाही. म्हणून नाव पानातून कॉपी करा. पानात नसेल तर '/यूएसआर/शेअर/डॉक/एपीटी/एक्झाम्पल्स' इथे 'कॉन्फिगर-इंडेक्स' नावाची फाईल आहे, तिच्यात जवळजवळ सगळी नावं एकत्र सापडतात. प्रॉक्सी आणि डाउनलोडच्या सेटिंगसाठी 'मॅन एपीटी-ट्रान्सपोर्ट-एचटीटीपी' हेही पान बघा, ते विभाग १ मध्ये आहे.

एपीटीने माझी सेटिंग घेतली की नाही हे कसं कळेल?

'एपीटी-कॉन्फिग डंप'. सगळ्या फाईली वाचून झाल्यावर एपीटीच्या हाती काय उरलं ते छापून येतं. आधी 'एपीटी.कॉन्फ.डी'मधल्या फाईली नावांच्या क्रमाने वाचल्या जातात, मग मुख्य 'एपीटी.कॉन्फ', आणि सगळ्यांवर कुरघोडी करतो तो आज्ञेसोबत '-ओ' देऊन लिहिलेला पर्याय. फाईलला हात लावण्याआधी '-ओ'नेच करून बघणं शहाणपणाचं.

आर्चवर हेच काम 'पॅकमॅन-कॉन्फ' करतं. डीएनएफ ५ मध्ये '--डंप-मेन-कॉन्फिग' हा पर्याय आहे.

पिन-प्रायॉरिटीचे (पॅकेजच्या कुठल्या आवृत्तीला प्राधान्य द्यायचं ते ठरवणारे) आकडे कुठून आणायचे?

'मॅन ५ एपीटी_प्रेफरन्सेस'. मनाने आकडे टाकू नका, प्रत्येक टप्प्याला अर्थ आहे. साधारण रिपॉझिटरीतल्या आवृत्तीला ५०० मिळतात, आधीच बसवलेल्या आवृत्तीला १००. १००० किंवा जास्त दिलंत तर एपीटी जुन्या आवृत्तीवर मागे जायलाही तयार होतं. शून्याखालचा आकडा म्हणजे ती आवृत्ती बसवायचीच नाही. लिहून झालं की 'एपीटी-कॅश पॉलिसी' आणि पुढे पॅकेजचं नाव देऊन खात्री करा.

डीएनएफच्या पानात सेटिंग सापडली, पण ती डीएनएफ.कॉन्फमध्ये लिहू की .रेपो फाईलमध्ये?

सेटिंग कुठल्या शीर्षकाखाली आहे ते वर सरकून बघा. पानात तीन गट आहेत: फक्त 'मेन'चे पर्याय, फक्त रेपोचे, आणि दोन्हीकडे चालणारे. शोधातून थेट मधल्या ओळीवर उडी मारली की हे शीर्षक दिसतच नाही.

नावाशेजारी किमतीचा प्रकारही दिलेला असतो: हो-नाही, पूर्णांक, यादी वगैरे. तो वाचला की सिंटॅक्सचे निम्मे प्रश्न संपतात. कधी कधी कारणही दिलेलं असतं. 'इन्स्टॉलओन्ली_लिमिट' म्हणजे एका वेळी किती कर्नल ठेवायचे. मूळ किंमत ३, शून्य म्हणजे मर्यादा नाही आणि १ चालतच नाही, कारण त्याने कर्नल अपग्रेड अवघड होतं.

फेडोरा ४१ पासून डीएनएफ ५ आलं आहे. 'कॉन्फिग-मॅनेजर --अॅड-रेपो' असं सांगणारी जुनी उत्तरं तिथे चालत नाहीत, आता 'अॅडरेपो' आणि 'सेटऑप्ट' अशा उपआज्ञा आहेत. त्यांचं पान 'डीएनएफ५-कॉन्फिग-मॅनेजर'.

पॅकमॅन.कॉन्फमध्ये ओळीच्या शेवटी टिप्पणी लिहिली तर?

चालत नाही. '#' ओळीच्या सुरुवातीलाच हवं. पानाच्या सुरुवातीलाच हे सांगितलं आहे.

पॅकमॅनच्या प्रगतीपट्टीत ते खादाड पिवळं तोंड आणणारी 'आयलव्हकँडी' ही सेटिंग पानात का नाही?

ती गंमत म्हणून ठेवलेली आहे आणि मुद्दाम लिहिलेली नाही. 'ऑप्शन्स' विभागात तो एक शब्द घाला. बाकी पॅकमॅन.कॉन्फचं पान छोटं आणि नेटकं आहे, नवशिक्याला आख्खं पान वाचायची सवय लावायची तर मी याचंच नाव घेतो.

ओपनसूझेमध्ये झिपरसाठी?

'/ईटीसी/झिप' मधल्या झिप.कॉन्फ आणि झिपर.कॉन्फ याच फाईली उघडा. प्रत्येक पर्यायाचं वर्णन तिथेच टिप्पण्यांत आहे.

डॉकरच्या कंटेनरमध्ये मॅन पानंच नाहीत.

जागा वाचवायला काढून टाकलेली असतात, आणि गंमत म्हणजे ती काढण्याचं काम पॅकेज मॅनेजरची कॉन्फिगरेशन फाईलच करते. डेबियनच्या स्लिम आणि उबुंटूच्या छोट्या इमेजमध्ये 'डीपीकेजी.सीएफजी.डी'खाली 'पाथ-एक्सक्लूड'च्या ओळी असतात, त्यामुळे मॅनच्या डिरेक्टरीत काही उतरतच नाही. त्या ओळी काढा, मॅन-डीबी (मॅन ही आज्ञा देणारं पॅकेज) बसवा आणि हवं ते पॅकेज '--रीइन्स्टॉल' करा. नुसतं मॅन-डीबी बसवून भागत नाही, कारण पान त्या त्या पॅकेजसोबत येतं. फेडोराच्या इमेजमध्ये 'टीएसफ्लॅग्स=नोडॉक्स' ही ओळ असते, आणि टीएसफ्लॅग्स म्हणजे काय हे ज्या पानात लिहिलंय ते पान तिच्यामुळेच गायब असतं. अल्पाइनमध्ये दस्तऐवजांची पॅकेजंच वेगळी. 'मँडॉक' आणि 'एपीके-टूल्स-डॉक' बसवा.

एवढं करायचं नसेल तर डेबियन, उबुंटू आणि आर्च आपापली मॅन पानं ऑनलाइन ठेवतात. तिथे पान उघडलं की सर्वात आधी वितरणाची आवृत्ती जुळते का ते बघा.

ही पानं मराठीत आहेत का?

एपीटीची मॅन पानं जर्मन, फ्रेंच, जपानी अशा काही भाषांत आहेत, मराठीत नाहीत. पण एपीटीच्या संदेशांचा मराठी अनुवाद आहे. सिस्टिमची भाषा मराठी ठेवली तर टर्मिनलवर एपीटी मराठीतून बोलू लागतं. वाचायला बरं वाटतं, पण त्रुटीचा मराठी संदेश सर्चमध्ये टाकलात तर हाती काही लागत नाही. तेव्हा तीच आज्ञा, तिच्याआधी 'एलसी_ऑल=सी' लावून, पुन्हा चालवा. संदेश इंग्रजीत येईल, आणि त्यातल्या सेटिंगचं नाव मॅन पानात शोधता येईल.